वेड पांघरून पेडगावला कोण जाते?

गेल्या महिन्यात परभणीला आपल्या कार्यकर्त्यांची बैठक झाली. विषय होता मोबाइलवरच्या क्रिकेटच्या सट्ट्याचा. चर्चा चांगली झाली. बायकांनी आपापल्या गावचे अनुभव सांगितले आणि शेवटी ठराव आला : सट्टा हे दारूसारखेच पुरुषी व्यसन आहे, ते गावातून हद्दपार झाले पाहिजे, सट्टा खेळणाऱ्यांवर, खेळवणाऱ्यांवर आणि त्यांच्या नोकरचाकरांवर कडक कारवाई झाली पाहिजे. सगळ्यांचे हात वर गेले. माझा गेला नाही. चहाच्या वेळी एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "तू एम. एस. डब्ल्यू. शिकून आलीस ना, तुला साध्या गोष्टीतसुद्धा गुंता दिसतो." तेव्हा मी हसून गप्प बसले. उत्तर इथे देते.

माझा हात वर गेला नाही, कारण 'नोकरचाकर' हा शब्द ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर पेडगावची एक बाई होती. तिचा नवरा असाच एक नोकर आहे. दुबईत बसून तो सट्ट्याचा हिशेब लिहितो.

पेडगाव म्हणताच लोकांना ती म्हण आठवते, वेड पांघरून पेडगावला जाण्याची. म्हणीतले पेडगाव ते नगर जिल्ह्यातले, बहादूरगडाचे. आमचे पेडगाव परभणी तालुक्यातले, मनमाडच्या रेल्वेमार्गावरचे. कापूस, सोयाबीन, तूर आणि पाऊस नाही झाला तर काहीच नाही, असे मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखे गाव. तिथे जायला वेड पांघरावे लागत नाही. पण या एका प्रकरणाच्या मागे फिरताना मला इतकी माणसे आणि इतकी कार्यालये वेड पांघरलेली भेटली की ती म्हण आमच्या पेडगावालाही लागू आहे, असे वाटू लागले.

बाई तिशीच्या आतली आहे. दोन लेकरे, सासू, पावणेदोन एकर कोरडवाहू. नवरा बी. ए. झालेला. पोलीस भरतीला दोनदा धावला, तलाठ्याच्या परीक्षेला बसला, मग परभणीत एका मोबाइलच्या दुकानात कामाला लागला. तिथेच त्याला एजंट भेटला. दुबईला कॉम्प्युटरवर डेटा भरायचे काम, महिना चाळीस हजार, राहणे-खाणे कंपनीचे. एजंटाला दीड लाख द्यायचे होते. ते उभे कसे केले? तिच्या नावावर तीन वेगवेगळ्या गटांतून कर्जे काढली, चाळीस, पन्नास आणि तीस हजारांची. उरलेल्यासाठी तिच्या आईने घातलेली बोरमाळ मोडली. नवऱ्याच्या नावावर एक रुपयाही कर्ज नाही. कर्ज बायकोच्या नावाने, दागिना बायकोचा आणि पासपोर्ट तेवढा नवऱ्याचा!

"काम कसलं हाय हे मला ठावंच नव्हतं, ताई," ती म्हणाली. "पण मॅच असली का त्यायचा फोन येत नव्हता. मग मी ध्यान ठिवाय लागले. शेजारच्या पोराला इचारायची, आज मॅच हाय का रे? हाय म्हणला का मी फोनची वाट बघतच नव्हते." क्रिकेटमधले तिला काही कळत नाही. पण आयपीएलचे अख्खे वेळापत्रक तिला तोंडपाठ झाले होते. एका बाईने नवऱ्याचा धंदा ओळखला तो असा.

धंदा चालतो कसा, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्या बैठकीत त्याविषयी फारच ढोबळ बोलले गेले. जुन्या मटक्याचा आकडा आपल्या सर्वांना माहीत आहे. मुंबईत तो सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर लावला जायचा. (कापूस पिकवणाऱ्याला भाव मिळो न मिळो, त्याच्या भावावर खेळणाऱ्यांची सोय नेहमीच होती.) मटक्याला निदान टपरी होती, चिठ्ठी लिहिणारा माणूस होता. बायकांनी मोर्चा काढला तर टपरी उलथता यायची. आता टपरी खिशात आहे आणि चिठ्ठी लिहिणारा दुबईत. महादेव बुक या सट्ट्याच्या जाळ्यामुळे हे सगळे उजेडात आले. ते चालवल्याचा आरोप असलेले सौरभ चंद्राकर आणि रवि उप्पल हे छत्तीसगडमधल्या भिलाईचे. त्यांचे मुख्य ठाणे संयुक्त अरब अमिरातीत होते आणि खाली 'पॅनल' नावाच्या शाखा वाटून दिलेल्या होत्या, नफ्याची वाटणी सत्तर-तीस, असे अंमलबजावणी संचालनालयाचे म्हणणे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये चंद्राकरच्या लग्नावर अमिरातीत सुमारे २०० कोटी रुपये रोखीने उधळले गेले, असेही याच खात्याने सांगितले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महादेवसह २२ ॲप आणि संकेतस्थळे बंद केली. तरी मे २०२४ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावात एका इमारतीवर पोलिसांचा छापा पडला आणि याच जाळ्यासाठी काम करणारी नव्वदहून अधिक माणसे पकडली गेली. त्यांत बहुतेक तरुण पोरे होती.

पॅनलवरच्या पोराचे काम काय? गिऱ्हाइकाचा निरोप आला की त्याला आयडी द्यायचा, पैसे कुठल्या खात्यात भरायचे ते कळवायचे, भरले की गुण चढवायचे, जिंकला तर पैसे सोडायचे, हरला तर पुन्हा भरायला लावायचे. बारा-बारा तास. पेडगावचा हा माणूस पर्यटकाच्या व्हिसावर गेला. पोचल्याबरोबर पासपोर्ट काढून घेतला. एका खोलीत आठ जण. पहिले तीन महिने पगार नाही, कारण तिकीट आणि खोलीचे पैसे 'वळते' करायचे होते. परत यायचे म्हटले तर आधी दोन लाख भर. अमिरातीत पर्यटक व्हिसावर काम करणे बेकायदा. परवान्याशिवाय जुगार चालवणे हाही तिथे गुन्हाच. म्हणजे पोलिसांकडे जावे तर हाच आरोपी!

हे ऐकताना मला सारखे काहीतरी ओळखीचे वाटत होते. मग लक्षात आले की ही तर उसाची टोळी! आपल्या भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयते बाहेर पडतात. मुकादम उचल देतो, ती फिटेपर्यंत मजूर त्याचा बांधील. उचल किती फिटली हे मुकादमाच्या वहीत, आणि वही मजुराला कधी दिसत नाही. दुबईच्या एजंटाने या रीतीत एकच सुधारणा केली. उसात निदान मुकादम आधी पैसे देतो, इथे मजुरानेच आधी पैसे द्यायचे आणि वर बांधील राहायचे. दुसराही एक फरक आहे. उसात नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईचा घाम त्यात असतो, हिशेबात तिचे नाव नसते. दुबईच्या या कोयत्यात बाई फडावर नाही, पण हिशेबात मात्र तिचेच नाव आहे.

ते कसे, हे या बाईच्याच पासबुकात दिसते. सहाव्या महिन्यात नवऱ्याचा निरोप आला : तुझ्या खात्यावर पैसे येतील, त्यातले वीस हजार आपले, बाकीचे मी सांगतो त्या नंबरवर पाठव. तिला वाटले, कंपनीची पगाराची पद्धत असेल. दोन महिने असे चालले. एक दिवस बँकेत गेली तर खाते गोठलेले. परराज्यातल्या कुठल्याशा पोलीस ठाण्याने कुणाच्या तरी फसवणुकीच्या तक्रारीवरून ते बंद केले होते. बँकेतला साहेब म्हणाला, "तिकडच्या पोलिसांकडून पत्र आणा." ते ठाणे बाराशे किलोमीटरवर! तिची दिवसाची मजुरी अडीचशे रुपये. त्याच खात्यावर लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये येत होते, तेही आत अडकले. एका हाताने सरकार बहिणीला ओवाळणी घालते आणि दुसऱ्या हाताने तिची मूठ बांधून ठेवते.

कर्ज देणाऱ्यांचे वेड आणखी वेगळे. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असे बिनतारणी कर्ज देताना सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. पावणेदोन एकर कोरडवाहूवर तीन कर्जांचे हप्ते निम्म्याच्या आत कसे बसवले? तिला कुणी विचारलेच नाही. अर्जावर कारण लिहिले होते 'शेळीपालन'. तिच्याकडे शेळी नाही हे वसुलीला येणाऱ्याला दर मंगळवारी दिसते. हप्ता चुकला की तो काही बोलत नाही, गटातल्या बाकीच्या बायकांना तिच्या दारात बसवतो. कारण एकीने बुडवले तर दुसऱ्यांनी भरायचे. ज्या गटांना आपण भगिनीभावाची शाळा म्हणत आलो, त्या गटातल्या बायका संध्याकाळी सहा वाजता एकीच्या उंबऱ्यावर बसून तिला शिव्या देतात. आणि त्यांचेही चूक नाही, त्यांच्याही घरात तेलमीठ लागतेच.

म्हणून मी म्हणते की याला 'पुरुषी व्यसन' म्हणून मोकळे होणे ही आपली सोय आहे. व्यसन म्हटले की दोष पुरुषाच्या स्वभावात जातो आणि बाई नुसती सोसणारी उरते. प्रत्यक्षात तिची सही, तिचा अंगठा, तिचे खाते, तिचे सिमकार्ड यांवाचून हा धंदा उभाच राहत नाही. एजंटाचे भांडवल तिच्या कर्जातून येते आणि पैशाची वाट तिच्या खात्यातून जाते. ज्या घरात तिला विचारून साधी म्हैस विकली जात नाही, तिथे कर्जाच्या कागदावर मात्र ती कुटुंबप्रमुख! शेतकरी संघटनेने १९८९-९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा मागणी होती की जमीन बायकोच्या नावावर करा. त्याच्या उलटेच आम्ही आता पाहतो आहोत. जमीन नवऱ्याच्या नावावर तशीच राहिली आणि कर्ज बायकोच्या नावावर झाले.

आता माझ्या मैत्रिणीचा खरा आक्षेप, आणि तो मला टाळायचा नाही. ती म्हणाली, "तुझ्या या बाईचा नवरा ज्यांना लुटतो त्यांच्या बायकांचे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याच पेडगावात, दोन गल्ल्या सोडून, एका घरात सोयाबीनचे सगळे पैसे एका हंगामात मोबाइलवर गेले. त्या घरची बाई मला म्हणाली, "ताई, तिच्या नवऱ्याला फाशी द्या." मी तिला काय सांगणार? तिचे मंगळसूत्र मोडले ते अशाच एखाद्या पॅनलवर जमा झाले, आणि ते जमा करून घेणारा हात पेडगावचा नसेल तर भिलाईचा असेल. तो हात निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पहिल्या तीन महिन्यांनंतर त्याला कळले होते आणि त्याने काम चालू ठेवले. आपल्या बायकोचे खाते त्याने स्वतःच पुढे केले. याबद्दल मी त्याला फोनवर स्पष्ट शब्दांत बोलले आहे. पण त्याचा पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे आणि नफ्याचे वाटे कुणाच्या घरी जातात, हे पाहिल्याशिवाय कारवाईची मागणी केली तर काय होते? धाड पडते, पोरे पकडली जातात, त्यांची वरात वर्तमानपत्रात छापून येते आणि मालक दुसऱ्या नावाने दुसरा ॲप काढतो. उसाच्या फडावर वेठबिगारी सापडली तर आपण कोयत्याला तुरुंगात घाला म्हणत नाही. मुकादमाचे आणि कारखान्याचे नाव विचारतो.

कायद्यांचा तोटा नाही. जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे, त्यात महालक्ष्मीच्या घोड्यांना तेवढी मोकळीक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणणारा कायदा केला, खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे चांगले झाले (आपल्या ठरावात मात्र आहे!). भारतीय न्याय संहितेच्या ११२ व्या कलमात टोळीने केलेला अनधिकृत सट्टा येतो, शिक्षा एक ते सात वर्षे. त्याच संहितेचे १४३ वे कलम माणसांच्या व्यापाराचे आहे. फसवून किंवा आमिष दाखवून शोषणासाठी माणूस नेला तर हा गुन्हा होतो आणि नेल्या गेलेल्याची संमती होती की नव्हती हे त्यात बघायचे नसते. पेडगावच्या प्रकरणात ११२ चा उच्चार मी पाच वेळा ऐकला. १४३ चा एकदाही नाही. मी काढला तेव्हा एक अधिकारी म्हणाले, "मॅडम, ते बायकांसाठी असतं." तसे ते नाही. कंबोडिया-म्यानमारमधल्या फसवणुकीच्या आणि सट्ट्याच्या अड्ड्यांत कोंडलेल्या माणसांचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये दिला होता : म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार, कंबोडियात सुमारे १ लाख. त्यांत पुरुष मोठ्या संख्येने आहेत, शिकलेले आहेत, कॉम्प्युटर येणारे आहेत.

शिकलेले असणे इथे कसे आडवे येते, तेही पाहा. परदेशी कामगार पाठवण्याविषयीचा १९८३ चा कायदा आहे. त्याखाली नोंदणी झालेल्या एजंटालाच माणसे पाठवता येतात आणि त्याने तीस हजार रुपये अधिक कर, याहून जास्त घ्यायचे नाहीत. पेडगावात घेतले दीड लाख. पण आखाती देशांसह अठरा देशांत जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते ती फक्त दहावी न झालेल्यांना. दहावी झालात की तुम्ही शहाणे, तुमचे तुम्ही बघा. आमचा बी. ए. कुणाच्याही टेबलासमोरून न जाता थेट विमानात बसला. आई-बापांनी शिकवले ते त्याला संरक्षण मिळावे म्हणून, आणि शिकल्यामुळेच ते गेले.

बायकांच्या बाबतीत याच सरकारचे धोरण नेमके उलटे. दहावी न झालेल्या, तिशीच्या आतल्या बाईला आखातात घरकामाला जायची परवानगीच मिळत नाही. तिचा छळ होतो म्हणून तिलाच थांबवायचे. म्हणजे ती चोरवाटेने जाते आणि तिची कुठेही नोंद राहत नाही. बंदीचा आग्रह धरताना आपण हे विसरू नये, बंदीचा पहिला फटका नेहमी बाईच्या पायाला बसतो. पेडगावला माझ्यामागे एक मुलगी बसस्टँडपर्यंत चालत आली होती. डी. एड. झालेली, चार वर्षे घरी बसलेली. हळूच म्हणाली, "ताई, तिकडं मुलींनाही घेतात म्हणे. जाऊ का?" मी तिला 'जाऊ नकोस' म्हणाले नाही. या गावात थांबून तिने काय करावे, हे मला सांगता आले असते तरच मला तसे म्हणायचा अधिकार होता. मी तिला एजंटाचा नोंदणी क्रमांक विचारायला सांगितले, करारपत्र हातात आल्याशिवाय एक पैसा देऊ नकोस म्हटले, आणि पर्यटक व्हिसा दिसला तर तिथेच पाऊल मागे घे म्हटले. सट्ट्याचे काम असेल तर ते कुणाच्या घरातून येते, हे त्या दोन गल्ल्यांपलीकडच्या बाईकडे जाऊन बघ, असेही सांगितले.

तेव्हा माझे म्हणणे असे की आपला ठराव परत घ्यावा आणि पुन्हा लिहावा. खेळणाऱ्याची शिक्षा त्यातून काढा. नोकरचाकर काढा, एजंट आणि पॅनलचे मालक घाला. कर्ज देणाऱ्या कंपन्यांना विचारा की तीन कर्जांचे गणित कुणी आणि कसे मांडले, आणि तोवर त्या कर्जांसाठी गटातल्या बायकांना कुणाच्याही दारात बसवू नका. ज्या रकमेवर तक्रार आहे तेवढीच अडकवा, बाईची मजुरी आणि १५०० रुपये सोडा, अशी मागणी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे आणि बँकेकडे एकदम करू. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. परभणीच्या न्यायालयात त्याचे कार्यालय आहे. पेडगावच्या बाईचा अर्ज मी तिथे दिला आहे आणि पहिल्यांदाच एका माणसाने तिचे पासबुक उघडून शेवटपर्यंत वाचले. नवऱ्याचा अर्ज परराष्ट्र खात्याच्या 'मदद' या तक्रार यंत्रणेवर आणि दुबईच्या वकिलातीकडे गेला आहे. त्यात आम्ही काहीही लपवलेले नाही. तो काय काम करतो तेही लिहिले आहे, त्याला कसे नेले तेही.

हे सगळे तिने स्वतः येऊन बैठकीत सांगावे अशी माझी इच्छा आहे. ती तयार आहे. त्या दुसऱ्या गल्लीतल्या बाईलाही मी विचारले आहे, ती अजून काही बोललेली नाही. फक्त पुढची बैठक मंगळवारी ठेवू नका. मंगळवारी पेडगावात हप्तेवाला येतो, आणि त्या दिवशी तिला घर सोडता येत नाही.